चांदीचा कडता

गिरजाबाईंना मी एकदा गावातल्या बायकांसमोर म्हणालो की, तुम्ही सुनेला उपाशी ठेवता. ते खरं नव्हतं. उलट त्या बाईनं सुनेसाठी जे केलं होतं, ते मी माझ्या स्वतःच्या बायकोसाठीही कधी केलं नाही. संपादकांनी कळवलं होतं, 'नोकरीतले अनुभव लिहा, गमतीजमती असतील तर उत्तम.' गमतीजमती आहेत. पण ही चूक आधी सांगितल्याशिवाय मला त्या सांगता येणार नाहीत, म्हणून सुरुवात इथून.

मी सरकारी आरोग्य सेवक. घरोघर फिरून तापाच्या माणसांची बोटं टोचायची, रक्ताचा ठिपका काचपट्टीवर घ्यायचा, विहिरीत औषध टाकायचं, हे माझं काम. गावात मला 'गोळीवाला भाऊ' म्हणत. नोकरी लागण्याआधी काही वर्षं मी हिंगणघाटच्या कापूस बाजारात तोलाईला होतो. गाडी उभी राहिली की नुसत्या नजरेनं वजनाचा अंदाज सांगायचो, आणि तो फारसा चुकायचा नाही. त्या गोष्टीचा मला गर्व होता. तो नसता तर पुढचं काही घडलं नसतं.

सत्तरच्या दशकाच्या शेवटाला माझी बदली अल्लीपूरजवळच्या एका गावातल्या उपकेंद्रात झाली. दोन खोल्या आणि एक ओटा, एवढंच उपकेंद्र. गरोदर बायांची तपासणी सिस्टरकडे. सिस्टर साताऱ्याकडच्या, बोलायला मऊ, हात हलका. दर गुरुवारी बाया तपासणीला येत आणि ओट्यावर रांगेनं बसत. वजन करायला काटा नव्हता. मोठ्या दवाखान्यात एक उभा काटा मोडका म्हणून अडगळीत टाकलेला होता. खाली उभं राहायची फळी, वर छातीइतक्या उंचीवर दांडी, दांडीवर सरकणारं वजन. तो मी मागून आणला, गंज खरवडला, दांडी ज्यांवर टेकते त्या सुऱ्या घासल्या, दांडी समतोल केली. सिस्टर म्हणाल्या, "भाऊ, आता वजनाचं काम तुमचंच."

बाया काट्यावर चढेनात. एक म्हातारी तर मला सरळ म्हणाली, "कापूस तोलते, मिरची तोलते. जितं माणूस कायले तोलता, गा? इकाले नेता का?"

शिवाय मी पुरुष. पोट दिसू लागलेली सून परक्या माणसापुढं फळीवर उभी राहणार कशी? तेव्हा सिस्टरनं युक्ती काढली. मधोमध दोरी बांधून तिच्यावर एक जुनी चादर टाकली. फळी चादरीच्या पलीकडं, दांडी अलीकडं. बाई तिकडं उभी राहायची, मी इकडं आकडा वाचायचो. बाया हसत हसत चढू लागल्या. मला बाई दिसायची नाही, फक्त हलणारी दांडी दिसायची.

आता आकडा आला, तरी माझ्यातला तोलारी गप्प बसेना. बाजारात व्यापारी कापसाच्या वजनातून पोत्याचं, ओलाव्याचं, मातीकचऱ्याचं म्हणून काही वजन कापतो, त्याला कडता म्हणतात. मी बायांच्या वजनातूनही कडता कापायला लागलो. नऊवारी लुगड्याचा एवढा, चांदीचा तेवढा. त्या भागात तेव्हा बायांच्या पायांत जाडजूड तोडे असत, हातांत वाळे असत. काढा म्हटलं तर काढत नसत. गरोदरपणात अंगावरची चांदी उतरवणं अशुभ मानत. म्हणून बाई पहिल्या खेपेला आली की मी ओट्यावरच तिच्याकडं एकदा बघून घ्यायचो, चांदीचा अंदाज बांधायचो आणि तेवढं दरवेळी कापायचो. सिस्टर म्हणायच्या, "कशाला उगाच? आपल्याला फक्त मागच्या महिन्यापेक्षा किती वाढलं ते हवं." मी म्हणायचो, "सिस्टर, ओझं वजा केल्याशिवाय वजन कसलं?"

वजन कशासाठी बघतात, हे मलाही सिस्टरनीच शिकवलं. पहिल्या तीन महिन्यांत फारसं वाढत नाही, उलट्यांनी कधी घटतंही. त्यानंतर दर महिन्याला दीड-दोन किलो वाढावं, म्हणजे बाळंतपणापर्यंत साधारण दहा किलो. मी विचारलं होतं, "बाळ तर तीन किलोचंही नसतं. बाकीचं जातं कुठं?" सिस्टर हसल्या. वार, पाणी, आईचं वाढलेलं रक्त, आणि पुढं दूध यावं म्हणून अंगात राखून ठेवलेली चरबी. "बाळाच्या आधी बाळाची शिदोरी बांधावी लागते, भाऊ." वजन वाढलं नाही तर बाळ बारीक होतं. एकदम फार वाढलं, तोंड-हात सुजले, तर तेही धोक्याचं.

आणि गावात नेमका उलटा समज. बाईनं जास्त खाल्लं तर बाळ मोठं होतं, मोठं बाळ अडतं. पोटात भाकर भरली तर लेकरू कुठं मावणार? म्हणून सातव्या महिन्यापासून सुनेची भाकर अर्धी करायची. यात दुष्टपणा नव्हता. अडलेल्या बाळंतिणी त्यांनी डोळ्यांनी पाहिल्या होत्या.

गमतीही व्हायच्या. वजन वाढलं की मी पडद्यामागून मोठ्यानं "शाब्बास!" म्हणायचो. त्या शाब्बासकीसाठी पार्वता नावाची एक बाई ओटीत धोंडे बांधून आली. एका महिन्यात वजन इतकं वाढलं की सिस्टर घाबरून आत धावल्या, आणि लुगड्यातून धोंडे घरंगळले. पार्वता म्हणाली, "भाऊ दर खेपी दुसरीलेच शाब्बास म्हणते. मी का कमी हावो?" दुसरा एक नवरा बायकोबरोबर येऊन स्वतःच काट्यावर चढायचा. तिच्या डोहाळ्यांचं सगळं तोच खायचा. तिचं वजन जेवढं वाढायला हवं तेवढं त्याचं वाढत होतं. सिस्टरनी त्याला बायकांपुढं एवढंच विचारलं, "तुम्हाला कितवा महिना?" त्यानंतर बाईचं वजन वाढायला लागलं.

गिरजाबाई या सगळ्यांहून वेगळ्या. विधवा, थोडी कोरडवाहू शेती, एकुलता मुलगा कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला. हंगामात तो आठ-आठ दिवस घरी नसे. सून शेवंता विशीची, बारीक. तिचं पहिलं बाळ हातात मावेल एवढं झालं होतं आणि आठवडाभरात गेलं. दुसऱ्यांदा दिवस राहिल्यावर गिरजाबाई तिला स्वतः हाताला धरून घेऊन आल्या. सिस्टरसमोर बसल्या आणि कुणी विचारलं नसताना म्हणाल्या, "मागच्या खेपी मी तिले अर्धी भाकर दिली. मायनं मले तसंच केलतं, म्हणून मी केलं. लेकरू गेलं. आता तुम्ही सांगा, काय काय चारू?"

सिस्टरनं सांगितलं: डाळ, भाजी, गूळ-शेंगदाणे, जमलं तर रोज दूध. गिरजाबाई ओठ हलवत एकेक जिन्नस पाठ करत होत्या. दुधाशी आल्यावर त्यांचे ओठ थांबले, एवढं मला आठवतं.

पहिलं वजन केलं, कडता कापला. शेवंताच्या पायात भारी तोडे होते, माहेरचे. पुढच्या खेपांना थोडंथोडं वाढलं. सातव्या महिन्यात मात्र आकडा जवळजवळ तिथंच. कडता कापून उरलेला आकडा जेमतेम अर्धा किलो वर. सिस्टर पोट तपासून म्हणाल्या, "भाऊ, माझ्या हाताला तर बाळ नीट वाढलेलं लागतंय." मी म्हणालो, "हात चुकते, सिस्टर. काटा नाई चुकत."

आणि पडदा बाजूला सारून मी ओट्यावर आलो. तिथं पंधरा-वीस बाया असतील. गिरजाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या.

"काकू, पुन्हा तेच करून राह्यल्या ना तुम्ही? एक लेकरू गेलं तरी समजलं नाई? सुनेले उपाशी ठेवता अन् इथं येऊन डाळ-दूध पाठ करता!"

गिरजाबाईंनी माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं, आता भांडतील. त्यांनी तोंड उघडलं, आणि मिटलं. माझ्यामागून बाहेर आलेली शेवंता काही बोलणार तोच तिचं मनगट धरून त्या पायऱ्या उतरल्या. त्यांच्या गप्प राहण्यातच मला कबुली दिसली. मी आत येऊन सिस्टरला म्हणालो, "पाह्यलं? एक शब्द बोलता आला नाई." सिस्टर म्हणाल्या, "शंका होती तर मला कानात सांगायची होती. आता ती पोरगी येणार नाही."

ती आली नाही. पुढच्या गुरुवारी नाही, त्याच्या पुढच्याही नाही. सिस्टर घरी जाऊन गोळ्या देऊन आल्या. गिरजाबाईंनी पाट दिला, पाणी दिलं, गोळ्या ठेवून घेतल्या. पण उपकेंद्राचं नाव काढताच, "तिथं नाई येत आता," एवढंच. विहिरीवर पार्वता त्यांना ऐकवायची, "काय वो गिरजाबाई, आज सुनेले पाव भाकर का अर्धी?" त्या घागर भरून चालू लागायच्या. हे मला पार्वतानंच कौतुकानं सांगितलं, आणि मी हसलो. तेही लिहून ठेवतो.

मग तापाच्या फेरीत मी त्यांच्या घरी गेलो. गिरजाबाई वावरात गेल्या होत्या. अंगणात खुंट्याला एक काळी बकरी, आणि शेवंता तिची धार काढून नुकतीच उठलेली. पायांवर पाणी घेत होती. मी एरवी परक्या बाईच्या पायांकडं बघत नाही, पण पाणी पडत होतं तिकडं नजर गेली. दोन्ही घोट्यांच्या वर कातडीचा गोरा पट्टा होता, चार बोटं रुंद. तोडे नव्हते.

मी विचारलं, "शेवंताबाई, तोडे कुठं गेले?"

ती दचकली. दाराकडं बघून हळू बोलली. "आत्याबाईनं मोडले. मीच काढून देल्ले. त्यायनं आपले वाळे बी मोडले. ही बकरी घेतली. दूध सारं मलेच पाजते, सोता च्यात बी टाकत नाई, अर्धी भाकर खाऊन उठते. तुम्ही बोलू नका हं कोणाले! माह्या माहेरी समजलं, का पोटुशीच्या अंगावरची माहेरची चांदी मोडली, तं भाऊ येऊन आत्याबाईचं तोंड काळं करन."

"कधी मोडले?"

"सहावा सरता सरता."

मी तिथंच ओसरीवर बसलो. डोक्यात हिशेब आपोआप सुरू झाला, थांबवता येईना. पोरीचं वजन वाढत होतं, अगदी वाढायला हवं तसं. आणि मी सातव्या महिन्यात तिच्या अंगावर नसलेली चांदी तिच्या वजनातून कापली होती. जेवढं गिरजाबाईंनी दुधातून चढवलं, तेवढं मी पडद्याआड बसून उतरवलं होतं.

"मंग त्या दिवशी त्या बोलल्या काऊन नाई?"

"काय बोलतीन? चांदी मोडली म्हणतीन, सगळ्यायसमोर?"

तेवढ्यात गिरजाबाई आल्या. मला पाहून डोक्यावरचा सरपणाचा भारा तसाच धरून उभ्या राहिल्या. मी उठलो, त्यांच्यामागून चुलीपर्यंत गेलो आणि खालच्या आवाजात म्हणालो, "काकू, मले समजलं. माह्यं चुकलं. शेवंतेले गुरुवारी पाठवा."

त्यांनी भारा टाकला, पदरानं मान पुसली. "बोलला थे ओट्यावर, सगळ्या गावासमोर. अन् आता चुलीपाशी येऊन हळूच सांगून राह्यला?"

"काकू..."

"सुनेले घेऊन येईन मी. पण जिथं बोलला तिथं सांग. अन् चांदीचा शब्द काढशीन तं याद राख."

मी बाहेर पडलो तो हाच विचार करत की, चांदीचं सांगायचं नाही तर चूक झाली कशी, हे सांगणार काय? कारण न देता माफी मागायची म्हणजे काटा हाती घेतलेल्या माणसानं सगळ्या गावापुढं फक्त 'मी चुकलो' म्हणायचं. मला ते जमेना. पुढचा गुरुवार आला, बाया जमल्या, मी पडद्यामागून बाहेरच आलो नाही. स्वतःला सांगितलं, आपण त्यांचंच गुपित राखतोय. त्याच्या पुढच्या गुरुवारी रक्ताच्या काचा पोचवायच्या म्हणून अल्लीपूरला निघून गेलो. त्या काचा दुसऱ्या दिवशीही चालल्या असत्या. सिस्टरला मी सगळं सांगितलं होतं. त्या रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "त्या बाईनं न बोलता ऐकून घेतलं. तुम्हाला नुसतं बोलायचंय, भाऊ."

घरी बायकोला हे सांगितलं नाही. आमची दोन मुलं तिच्या माहेरी झाली. दोन्ही खेपेला मी तिला साधं विचारलंही नव्हतं, काय खाल्लंस म्हणून. गावभरच्या बायांचं वजन करत होतो.

नवव्या महिन्याच्या तोंडाशी सिस्टर शेवंताला बघून आल्या त्या काळजीतच. पायांवर सूज होती, बांगड्याही घट्ट वाटत होत्या. "उन्हानं, उभं राहून येते तशी असेल. पण वजन एकदम चढलं असेल तर तिला वर्ध्याला हलवावं लागेल. दाब मोजायचं यंत्र आपल्याकडं नाही. मला निदान वजन तरी पाहिजे, भाऊ. आणि गिरजाबाई म्हणतात, त्या माणसानं सांगितल्याशिवाय सून तिथं चढणार नाही."

"पोरीच्या जिवाचा प्रश्न असताना हट्ट?" मी म्हणालो.

"हट्ट त्यांचा एकटीचा नाही," सिस्टर म्हणाल्या.

बाळाचं इथंच सांगून टाकतो, वाचणाऱ्याच्या जिवाला घोर नको. वजन ठीक निघालं, सूज साधीच होती. सिस्टर हजर असताना शेवंताला घरीच मुलगी झाली. चांगली वजनदार, भोकाड पसरणारी. मी तिला झोळीत घालून तोललं तेव्हा झोळीचं कापड आधी वेगळं तोलून घेतलं. गिरजाबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. "आता शिकला," म्हणाल्या. त्या आता नाहीत. हे लिहावं की नाही, म्हणून मी गेल्या महिन्यात मुद्दाम जाऊन शेवंताबाईंना विचारून आलो. त्या म्हणाल्या, "लिहा, भाऊ. भावाले मीच सांगून टाकलं कधीचं. थो रडला." आत्याबाईचं नाव मात्र बदला म्हणाल्या, ते बदललं आहे. मुलगी आता हिंगणघाटला शाळेत शिकवते.

पण मला सांगायचं आहे ते त्या गुरुवारचं.

बाया ओट्यावर जमल्या होत्या. मी सकाळपासून बाहेर उभा होतो. गिरजाबाई शेवंताला घेऊन आल्या आणि पायरीच्या खालीच थांबल्या. शेवंता जड झाली होती, एका हातानं कंबर धरलेली. सिस्टर दारात आल्या.

मी म्हणालो, "बायांनो, थोडं ऐका. दोन महिन्यांमागं मी इथं गिरजाकाकूले बोललो होतो. थे चुकीचं होतं."

पार्वता लगेच, "म्हणजे काटा खोटा का, भाऊ?"

"काटा खरा हाय. मी चुकलो."

"कसा चुकला पण?"

सगळ्या माझ्याकडं बघत होत्या. कारण ओठांवर आलं होतं. दोन वाक्यांत सांगून मोकळा झालो असतो, त्या हळहळल्या असत्या, आणि मीही थोडा बरा ठरलो असतो. गिरजाबाई पायरीखालून माझ्याकडं बघत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, भीती होती. त्या दिवशी तोंड उघडून मिटलं तेव्हाही तीच असणार. मी ती आज ओळखली.

"थे मी नाई सांगू शकत," मी म्हणालो.

बायांत हसू पिकलं. कोणीतरी म्हणालं, "मंग आमचं बी वजन असंच वाचलं असन यानं!" पार्वता म्हणाली, "माह्ये धोंडे बरे होते बावा, निदान दिसले तरी." मी ऐकून घेतलं.

हसणं ओसरल्यावर मी पायऱ्या उतरून गिरजाबाईंपुढं गेलो, हात जोडले आणि बोललो. माझा मलाच आवाज ऐकू येत नव्हता.

गिरजाबाईंनी पदर सारखा केला. "मोठ्यानं बोल. मांगच्यायले आयकू नाई आलं."

मी ओट्याकडं तोंड करून, शेवटच्या बाईपर्यंत पोचेल असं म्हणालो, "शेवंतेले या बाईनं पोटभर जेवू घातलं. सोता उपाशी राहून घातलं. मी जे बोललो थे खोटं होतं. काकू, मले माफ करा."